माशाचे मोमो: पोषण, घरची कृती आणि कोणत्या रुग्णाने काय सांभाळावे

मैद्याच्या किंवा तांदळाच्या पातळ पारीत माशाचे सारण भरून वाफवलेला पदार्थ म्हणजे माशाचा मोमो. तिबेट आणि नेपाळकडून आलेला मोमो आपल्याकडे प्रामुख्याने कोबीचा, पनीरचा किंवा चिकनचा मिळतो. माशाचा मोमो पिंपळगाव बसवंतसारख्या गावात गाडीवर क्वचितच दिसतो, पण घरी करून पाहणारी कुटुंबे वाढली आहेत. त्यांच्याकडून ठरावीक प्रश्न येतात. मधुमेह आहे, चालेल का? आजोबांना काटा लागेल का? मुलीला सातवा महिना आहे, कोणता मासा घ्यावा? या लेखात त्यांची उत्तरे आहेत, आणि काटा हा विषय सर्वात महत्त्वाचा असल्याने त्यावर जरा जास्त लिहिले आहे.

हा पदार्थ आशियात अनेक रूपांत खाल्ला जातो. चीनच्या शांडोंग प्रांताच्या किनाऱ्यावर, चिंगदाव भागात, सुरमईच्या जवळच्या नात्यातला मासा सारणात वापरून पाण्यात उकडलेले जियाओझी करतात. इंडोनेशियातल्या बांडुंग शहराचा सिओमायही सुरमईच्याच कुळातल्या तेंगिरी माशाचा असतो. त्यात टॅपिओका, म्हणजे आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याचे पीठ घालतात आणि वरून शेंगदाण्याची चटणी ओततात. दक्षिण चीनमध्ये तर पारीसुद्धा माशाच्या लगद्याची लाटतात. आपल्याला यातले काही परके वाटायला नको. उकडीचा मोदक वळता येणाऱ्या हातांना मोमोची मुरड पाच मिनिटांत जमते. (अनेक घरांत मोदकपात्र नैवेद्यासाठी राखलेले असते. अशा वेळी इडलीपात्र किंवा पातेल्यावर बसणारी चाळणी वापरावी. वाफेला फरक पडत नाही.)

कोणता मासा घ्यावा

निफाड तालुक्यात आणि एकूणच नाशिक जिल्ह्यात धरणांचे आणि शेततळ्यांचे गोडे मासे सहज मिळतात: रोहू, कटला, मृगळ, चिलापी, कधी मरळ. समुद्राचा मासा मुंबईहून आग्रा महामार्गाने बर्फात येतो. पिंपळगाव नाशिकपासून आणखी सुमारे ३० किलोमीटर पुढे असल्याने तो हातात पडेपर्यंत बराच वेळ गेलेला असतो. शिवाय महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात मासेमारीची बंदी असते. त्या दिवसांत ‘ताजी सुरमई’ म्हणून मिळणारा मासा बहुधा गोठवलेला किंवा लांबून आलेला असतो. गोठवलेला मासा वाईट नसतो. एकदा वितळलेला मासा पुन्हा गोठवणे हे मात्र वाईट.

आपल्या भागासाठी माझी पहिली पसंती रोहू किंवा कटला. प्रथिने भरपूर, चरबी कमी, ताजा मिळण्याची शक्यता जास्त. त्यांची एकच मोठी अडचण आहे. मांसाच्या आत रुतलेले, इंग्रजी वाय अक्षरासारखे दुभागलेले बारीक काटे. मरळीत असे काटे फारच कमी, म्हणून घरात लहान मूल किंवा वृद्ध असेल आणि परवडत असेल तर मरळ घ्यावी. चिलापीचे काटे काढणेही तुलनेने सोपे असते.

ताजा मासा ओळखायला डोळे, कल्ले आणि बोट पुरेसे आहे. डोळे फुगीर व चकचकीत, कल्ले लालसर, आणि दाबलेला खड्डा लगेच भरून येणारा. आंबूस किंवा अमोनियासारखा तीव्र वास येत असेल तर मसाल्याने तो झाकायचा प्रयत्न करू नका, मासा टाकून द्या.

सहा मोमोत किती कॅलरी, किती प्रथिने

खालचा हिशोब घरच्या प्रमाणाचा आहे: काटे काढलेला रोहू २५० ग्रॅम, मैदा १५० ग्रॅम, कांदा-कोबी मिळून १०० ग्रॅम, तेल दोन चहाचे चमचे. यात मध्यम आकाराचे २० मोमो होतात.

रोहूच्या १०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण १०० कॅलरी आणि १७ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. मैद्याच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० कॅलरी आणि ७४ ग्रॅमच्या आसपास कर्बोदके. बेरीज करून २० ने भागले की एका मोमोला साधारण ४५ कॅलरी, ३ ग्रॅम प्रथिने आणि ६ ग्रॅम कर्बोदके येतात. म्हणजे सहा मोमोच्या एका बशीत सुमारे २७० कॅलरी, १८ ग्रॅम प्रथिने आणि ३५ ग्रॅमच्या जवळपास कर्बोदके. तुलनेसाठी, दोन मध्यम पोळ्यांतही जवळपास तेवढीच कर्बोदके असतात, पण प्रथिने निम्म्याहून कमी.

हे आकडे वाफवलेल्या मोमोचे आहेत. तळल्यावर एका मोमोने दोनच ग्रॅम तेल शोषले असे धरले तरी १८ कॅलरी वाढतात, सहा मोमोंना शंभराहून जास्त. मायोनीजची वाटी शेजारी आली की हिशोब ठेवण्यात अर्थ उरत नाही.

आता एक गैरसमज. ‘मैदा वाईट, म्हणून तांदळाच्या उकडीची पारी करतो’ असे मधुमेही रुग्ण हमखास सांगतात. तांदळाच्या पिठातही १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी आणि ७५ ते ८० ग्रॅम कर्बोदके असतात, तंतू फारसे नसतात, आणि उकडीची पारी मैद्याच्या पारीपेक्षा बहुधा जाड होते. साखरेच्या दृष्टीने त्यात फायदा नाही. ज्यांना ग्लुटेन चालत नाही त्यांच्यासाठी मात्र उकड हाच योग्य पर्याय आहे. मधुमेहात कणकेची पारी घ्यावी, ती शक्य तितकी पातळ लाटावी आणि सारण जास्त भरावे.

माशातून ब-१२ जीवनसत्त्वही मिळते. ओमेगा-३ मेदाम्लांसाठी मात्र बांगडा, तारली, सुरमई असे समुद्री मासे गोड्या पाण्यातल्या माशांपेक्षा सरस आहेत.

काटे काढण्याची पद्धत

मोमोत काटा जास्त धोकादायक का? रस्स्यातला मासा आपण बोटांनी चाचपत खातो. काटा दिसतो, जिभेला कळतो, बाहेर काढता येतो. मोमो मात्र माणूस अख्खा तोंडात टाकतो आणि मऊ आहे म्हणून दोन-चार वेळा चावून गिळतो. कवळी लावणाऱ्यांना तर टाळू झाकलेली असल्याने बारीक काटा जाणवतच नाही.

चिनी स्वयंपाकी कच्च्या माशाचे मांस चमच्याने शेपटीकडून खरवडून काढतात आणि मिठाबरोबर एका दिशेने फेटतात. मीठ आणि फेटणे यांमुळे माशातली प्रथिने चिकट होतात, सारण लुसलुशीत बनते. पद्धत उत्तम आहे, पण ती सुरमईसारख्या मोठ्या माशाला किंवा मरळीला. रोहू-कटल्याला आपल्या घरी ती वापरू नये असे माझे मत आहे. मिक्सरमधून फिरवल्याने काटे नाहीसे होतात हाही भ्रम आहे. त्यांचे टोकदार तुकडे होतात, आणि तुकडा शोधणे अख्ख्या काट्यापेक्षा अवघड.

त्याऐवजी असे करा. काट्यांसह सुमारे ४०० ग्रॅम मोठे तुकडे घ्या. पाठीकडचे आणि मधल्या भागाचे तुकडे घ्यावेत, शेपटीकडचे रस्स्याला ठेवावेत, कारण तिथे बारीक काटे दाट असतात. तुकड्यांना हळद आणि चिमूटभर मीठ लावून सात-आठ मिनिटे वाफवा. पूर्ण थंड होऊ द्या. गरम असताना बोटांना काटा नीट कळत नाही आणि घाई होते. मग पांढऱ्या ताटलीत थोडे थोडे मांस घेऊन अंगठा व तर्जनीत चुरत काटे वेगळे करा. हे काम दोनदा करायचे, आणि दुसऱ्यांदा शक्यतो दुसऱ्या माणसाने, चांगल्या उजेडात. वीस मिनिटे लागतात. इतका वेळ नसेल त्या दिवशी मोमो करू नयेत, सरळ कालवण करावे.

सारण, पारी आणि वाफ

मैदा किंवा कणीक १५० ग्रॅम, चिमूटभर मीठ आणि लागेल तसे पाणी घालून पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट मळा. ओल्या फडक्याखाली अर्धा तास ठेवा.

बारीक चिरलेला कोबी आणि कांदा यांना थोडे मीठ चोळून दहा मिनिटांनी घट्ट पिळून घ्या. हे पाणी राहिले तर पारी फुटते, आणि पिळल्याने लावलेले बरेच मीठही निघून जाते. त्यात चुरलेला मासा, किसलेले आले, चार लसूण पाकळ्या, कांद्याची पात, कोथिंबीर, मिरपूड, दोन चमचे तेल आणि एका अंड्याचा पांढरा बलक घाला. रोहू कोरडा मासा आहे, म्हणून तेल टाळू नका. अंडे चालत नसेल तर एक चमचा कॉर्नफ्लोअर घाला. सोया सॉस सारणात नको. त्याची चव हवीच असेल तर खाताना दोन थेंब घ्यावेत, कारण तेव्हा प्रत्येकाला आपापले प्रमाण ठरवता येते.

कणकेचे २० गोळे करून कडा पातळ, मध्यभाग किंचित जाड अशा पुऱ्या लाटा. एकेका पुरीत साधारण एक मोठा चमचा सारण भरून चुण्या घालत तोंड बंद करा. चाळणीला तेलाचा हात लावा किंवा कोबीचे पान अंथरा. खालचे पाणी खळखळ उकळू लागल्यावरच चाळणी ठेवा आणि झाकण लावून १० ते १२ मिनिटे वाफवा. पारी चकचकीत दिसली आणि बोटाला चिकटली नाही की झाले. कच्च्या माशाचे सारण असेल, जसे मरळीचे, तर एक मोमो मधोमध कापून पाहावा. मांस पूर्ण अपारदर्शक आणि सुटे होणारे असले पाहिजे. स्वयंपाकाचा तापमापक असेल तर आत किमान ६३ अंश सेल्सिअस हवे.

अर्धवट शिजलेल्या गोड्या पाण्यातल्या माशातून परजीवी जंत पोटात जाऊ शकतात. पूर्व आणि आग्नेय आशियात कच्चा मासा खाण्याच्या सवयीमुळे यकृतातल्या चपट्या कृमींचा आजार अनेक भागांत आढळतो. आपल्याकडे मासा शिजवूनच खातात, ती सवय मोमोतही मोडू नये. कच्च्या माशाचे ताट, सुरी आणि पाट साबणाने धुतल्याशिवाय त्यावर कोथिंबीर चिरू नका.

चटणीसाठी पिंपळगावात वेगळे शोधायला नको. इथल्या बाजारात टोमॅटोच्या हंगामात जाळ्यांचे डोंगर लागलेले असतात. तीन टोमॅटो, दोन सुक्या मिरच्या आणि लसूण उकडून वाटा, एक चमचा भाजलेले तीळ आणि पाव चमचा मीठ घाला. चार माणसांना पुरते.

कोणत्या आजारात काय सांभाळावे

*उच्च रक्तदाब आणि हृदयविकार.* इथे मोमोपेक्षा सॉसकडे पाहा. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. एक मोठा चमचा सोया सॉसमध्ये साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असते, म्हणजे सव्वादोन ग्रॅम मीठ. दिवसाचा जवळपास निम्मा वाटा तिथेच संपतो. शेजारी तयार शेजवान चटणी आणि सूप असेल तर उरलेलाही. वर सांगितलेली टोमॅटोची चटणी चौघांत वाटली तर माणशी मीठ अर्ध्या ग्रॅमहून कमी पडते. अजिनोमोटोविषयी भीती फार आहे. त्यात सोडियम मिठाच्या साधारण एक तृतीयांश असते. तो विष नाही, पण मिठाच्या जोडीला घातला की सोडियम वाढतेच.

*मधुमेह.* सहा वाफवलेले मोमो हे एका जेवणातल्या पोळी-भाताच्या जागी धरावेत, त्यांच्या जोडीला नव्हे. आधी काकडी-कोबीची कोशिंबीर, मग मोमो. संध्याकाळी ‘नाश्ता’ म्हणून मोमो आणि रात्री पूर्ण जेवण, यामुळेच साखर वाढलेली दिसते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी सुमारे ३५ ग्रॅम कर्बोदके धरून डॉक्टरांनी दिलेल्या मात्रेप्रमाणे चालावे.

*मूत्रपिंडाचा आजार.* प्रथिने किती घ्यायची हे आजाराच्या टप्प्यावर अवलंबून असते. डायलिसिस सुरू नसलेल्या रुग्णाला ती मर्यादित ठेवायला सांगतात, तर डायलिसिसवरच्या रुग्णाला उलट जास्त लागतात. म्हणून शेजारच्या रुग्णाचे पथ्य उचलू नका. सहा मोमोत १८ ग्रॅम प्रथिने आहेत हा आकडा आपल्या नेफ्रॉलॉजिस्टना सांगा. रक्तातले पोटॅशियम वाढलेले असेल तर टोमॅटोची चटणी टाळावी आणि लसूण-मिरची व्हिनेगरमध्ये कुटून थोडी घ्यावी. ‘कमी सोडियम’ लिहिलेले मीठ वापरू नका, त्यात सोडियमच्या जागी बहुधा पोटॅशियम घातलेले असते.

*युरिक ॲसिड आणि गाऊट.* सांधा सुजलेला असताना मासा बंद ठेवावा. एरवी कधीतरी चार-पाच मोमो बहुतेकांना चालतात. बिअरसोबत नकोत.

*सीलिॲक आजार.* मैदा आणि कणीक दोन्ही वर्ज्य. तांदळाची उकड वापरा, पण सोया सॉस विसरू नका. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. बाजारातल्या अनेक हिंगांतही गव्हाचे पीठ मिसळलेले असते. लाटायचे पोळपाट-लाटणे वेगळे हवे.

*गरोदरपण.* मासा बंद करण्याची गरज नाही. पूर्ण शिजलेला, कमी पाऱ्याचा मासा आठवड्यातून दोन-तीनदा घेणे आई आणि बाळ दोघांना उपयोगी आहे. मोठे, दुसऱ्या माशांवर जगणारे समुद्री मासे शरीरात पारा साठवतात. सुरमईच्याच कुळातला किंग मॅकेरल अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गर्भवतींसाठी टाळायच्या यादीत ठेवला आहे. त्यामुळे मोठी सुरमई या नऊ महिन्यांत नको. रोहू, मृगळ, चिलापी चालतील. आदल्या दिवशीचे उरलेले मोमो नुसते कोमट करून खाऊ नयेत, वाफाळेपर्यंत गरम करावेत.

*पक्षाघातानंतर गिळायला त्रास.* पाणी पिताना ठसका लागत असेल तर मोमो देऊ नका. चिकट पारी घशात अडकते. सारणाचा मऊ भाग, काटे तीनदा तपासून, पातळ करून देता येईल का हे गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांना विचारा. पाच वर्षांखालच्या मुलांनाही अख्खा मोमो न देता कापून, उघडून द्यावा.

ॲलर्जी आणि माशाची विषबाधा

मोमोच्या एका बशीत मासा, गहू, सोया, अंडे, तीळ आणि कधी शेंगदाणे किंवा कोळंबी असे अनेक ॲलर्जीकारक घटक एकत्र येतात. गाडीवर एकाच चाळणीत सगळे प्रकार वाफवले जातात, त्यामुळे माशाची ॲलर्जी असलेल्याने तिथे व्हेज मोमोही विचारून घ्यावा. खाल्ल्यावर अंगावर गांधी, ओठ किंवा जीभ सुजणे, आवाज बसणे, धाप, चक्कर असे झाले तर घरी गोळी देऊन वाट पाहू नका. १०८ ला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयात न्या.

असेच दिसणारे दुसरे कारण म्हणजे हिस्टामिनची विषबाधा. बांगडा, सुरमई, टूना हे मासे बर्फाविना राहिले की जिवाणूंमुळे त्यांच्यात हिस्टामिन तयार होते. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोन-एक तासांत चेहरा लाल होतो, डोके दुखते, धडधडते, तोंडात जळजळते. शिजवल्याने, तळल्याने किंवा गोठवल्याने हिस्टामिन जात नाही. एकाच ताटातल्या दोघा-तिघांना एकदम त्रास झाला तर याचा संशय जास्त. दोन्हींत फरक करणे डॉक्टरांचे काम आहे, आणि ते महत्त्वाचे आहे, कारण ॲलर्जी असेल तर मासा आयुष्यभर सोडावा लागू शकतो. विषबाधा असेल तर नाही.

तयार मोमो बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तासाभराच्या आत फ्रीजमध्ये जायला हवेत. फ्रीजमध्ये दोन दिवस टिकतात. गोठवलेली पाकिटे घेताना बर्फाचे मोठे खडे लागलेले किंवा मोमो एकमेकांना चिकटून गोळा झालेले पाकीट घेऊ नका. ते वाटेत वितळून पुन्हा गोठलेले असते.

काटा अडकलाच तर

घरचा पहिला उपाय ठरलेला असतो: केळे गिळा, भाताचा किंवा भाकरीचा कोरडा घास गिळा. हे करू नका. कधी काटा सुटतोही, पण कधी तो आणखी खोल रुततो किंवा अन्ननलिकेत ढकलला जातो, जिथे तो काढणे कठीण. बोट घालून ओकारी काढणे तर त्याहून वाईट.

थोडे खोकून पाहा, पाण्याचे एक-दोन घोट घ्या. आरशात टॉर्चच्या उजेडात टॉन्सिलवर काटा स्पष्ट दिसत असेल तरी लहान मुलाच्या घशात चिमटा घालू नका. टोचणे थांबले नाही तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. बहुतेक काटे घशाच्या वरच्या भागात असतात आणि ते दवाखान्यातच काही मिनिटांत निघतात. खालचा काटा दुर्बिणीने काढावा लागतो. त्यासाठी पोट रिकामे असलेले बरे, म्हणून निघण्याआधी काही खाऊ नका.

थुंकी गिळता येत नाही, लाळ गळते आहे, रक्त येते आहे, मानेत किंवा छातीत दुखते आहे, मानेवर सूज आहे किंवा ताप आला आहे, यांपैकी काहीही असेल तर रात्र असली तरी रुग्णालयात जा. काट्याने अन्ननलिकेला छिद्र पडल्याची ही लक्षणे असू शकतात. काटा लागल्यावर दोन दिवसांनी, टोचणे कमी झालेले असतानाही, ताप आणि छातीत दुखणे सुरू झाले तर डॉक्टरांना मासा खाल्ल्याचे आवर्जून सांगा. साध्या एक्स-रेमध्ये माशाचा काटा बऱ्याचदा दिसत नाही, त्यामुळे सीटी स्कॅन करायचा की नाही हे त्या एका माहितीवर ठरू शकते.